वेब.कॉन्फिगमध्ये बदल दुपारी, एरर संध्याकाळी

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी काम केलंय त्यांना माहिती असेल, दिवसातली खरी गर्दीची वेळ म्हणजे संध्याकाळ. पिग्मी एजंट दिवसभर बाजारपेठेत दुकानादुकानातून फिरून रोजची रक्कम गोळा करतात आणि सहा-साडेसहाला शाखेत भरणा करायला येतात, भरणा झाला की प्रत्येक खातेदाराला एसएमएस जातो. त्या दिवशी सहा चाळीसला शाखेतून फोन आला, "साहेब, भरणा सेव्हच होत नाहीये, सगळ्या एजंटांना एकच एरर येतीये, माणसं काउंटरला उभी आहेत."

ॲप्लिकेशन जुनं, एएसपी डॉट नेटचं (मायक्रोसॉफ्टचं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क), वेब फॉर्म्स या जुन्या पद्धतीतलं, डॉट नेट १.१ च्या काळात सुरू झालेलं आणि मग एकेक पायरी चढवत ४.८ पर्यंत आणलेलं. मी लॉग उघडला तर त्यात एकच ओळ, शेकडो वेळा, की अमुक क्लासच्या टाइप इनिशियलायझरने, म्हणजे क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणाऱ्या कोडने, एक्सेप्शन (एरर) फेकलं. बाकी काही नाही. कारण आमचा लॉगर फक्त एक्सेप्शनचा मेसेज लिहायचा, आतलं काहीच नाही. हे मी आधी सांगून टाकतो कारण त्या संध्याकाळचे दोन तास मुख्यतः यातच गेले: एक्सेप्शन लॉग करताना मेसेज लिहू नका, सरळ टूस्ट्रिंग करून अख्खं लिहा, इनर एक्सेप्शनसकट, म्हणजे आत दडलेल्या मूळ एररसकट. कॉन्फिगरेशनच्या एररमध्ये खरं कारण हमखास दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या थरात असतं.

अर्थात मी पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळे विचारतात, आज काही बदललं का? संस्थेच्या सर्व्हरकडे बघणारा मुलगा म्हणाला, "दुपारी वेब.कॉन्फिगमध्ये छोटासा बदल केला सर, पण त्यानंतर साइट चालूच होती, मी स्वतः लॉगिन करून बघितलं, खाती उघडली, रिपोर्ट काढला." हे ऐकून मी कॉन्फिगवरचा संशय काढून टाकला. तर्क सरळ होता, वेब.कॉन्फिग, म्हणजे साइटची सेटिंग ठेवणारी एक्सएमएल फाइल, सेव्ह केलं की ॲप्लिकेशन आपोआप रिस्टार्ट होतं, चुकलं असतं तर तेव्हाच फुटलं असतं. हा तर्क चुकीचा आहे आणि या पोस्टचा सगळा विषय तोच आहे.

मग मी काय केलं तर बिन फोल्डरमधली डीएलएल (आमच्या कोडची तयार फाइल) नवीन टाकली, ॲप पूल (साइट ज्यात चालते ती प्रोसेस) रिसायकल केला, फोल्डरच्या परमिशन बघितल्या, आयआयएस हा वेब सर्व्हरच रिसेट केला, आणि प्रत्येक वेळी लॉगिन व्यवस्थित व्हायचं आणि भरणा सेव्ह करताना फुटायचं. शेवटी साडेआठला एका पेजवर घाईघाईने अख्खं एक्सेप्शन छापलं तेव्हा तीन थर दिसले. सगळ्यात वर टाइप इनिशियलायझर. त्याच्या आत ती ओळखीची ओळ, "ॲन एरर ऑकर्ड क्रिएटिंग द कॉन्फिगरेशन सेक्शन हँडलर फॉर" आणि पुढे आमच्या एसएमएस सेक्शनचं (वेब.कॉन्फिगमधल्या एसएमएसच्या सेटिंगच्या भागाचं) नाव, फाइलचा पाथ, ओळ नंबर. आणि सगळ्यात आत, ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट, म्हणजे नल रेफरन्स, जे नाहीच ते वापरायला जाणं.

त्या ओळ नंबरवर गेलो तर तिथे सेक्शनचा सुरुवातीचा टॅग होता, एकदम बरोबर लिहिलेला. त्याच्या खाली एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेंची यादी, एकाखाली एक तीन ओळी, आणि त्यातली मधली ओळ कमेंट केलेली. मी फोनवर विचारलं, दुपारचा बदल म्हणजे हाच का? "हो सर, तो गेटवे बंद झाला ना, म्हणून फक्त ती ओळ कमेंट केली. बाकी कशाला हात नाही लावला." आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एक्सएमएलमध्ये नको असलेली ओळ कमेंट करणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे, कोणीही तेच करेल. चूक आमच्या हँडलरमध्ये, म्हणजे तो सेक्शन वाचणाऱ्या आमच्या कोडमध्ये होती आणि ती कित्येक वर्षं तिथे बसून होती.

आता जरा आतलं सांगतो, कारण हे कळलं की अर्धे प्रश्न सुटतात.

वेब.कॉन्फिगमध्ये स्वतःचा सेक्शन करायचा तर दोन जागी लिहावं लागतं. वर कॉन्फिगसेक्शन्समध्ये सेक्शनची नोंद, म्हणजे या नावाचा सेक्शन येणार आहे आणि तो वाचायला अमुक डीएलएलमधला अमुक क्लास आहे. आणि खाली प्रत्यक्ष सेक्शन. ॲप्लिकेशन सुरू होताना फ्रेमवर्क एवढंच बघतं की एक्सएमएल नीट आहे ना आणि खाली असलेल्या प्रत्येक सेक्शनची वर नोंद आहे ना. नोंद नसेल तर लगेच फुटतं, कॉन्फिगसेक्शन्स हा टॅग फाइलमध्ये सगळ्यात पहिला नसेल तरी लगेच फुटतं. पण तो क्लास खरंच आहे का, तो लोड होतो का, त्याला सेक्शन वाचता येतो का, यातलं काहीही तेव्हा तपासलं जात नाही. ते होतं जेव्हा कोडमधली कुठलीतरी ओळ पहिल्यांदा गेटसेक्शन म्हणून तो सेक्शन मागते तेव्हा. आमच्याकडे तो मागायची एकच जागा होती, एसएमएस पाठवणाऱ्या क्लासमधलं स्टॅटिक फील्ड (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच भरलं जाणारं), आणि त्या क्लासला दिवसातला पहिला हात लागायचा संध्याकाळच्या पहिल्या भरण्याला. त्यात स्टॅटिक म्हटल्यावर आणखी एक त्रास, स्टॅटिक इनिशियलायझर एकदा फुटला की ॲप्लिकेशन रिस्टार्ट होईपर्यंत तो क्लास मेलेलाच राहतो, प्रत्येक हाकेला तेच जुनं एक्सेप्शन परत मिळतं.

आणि कमेंटने काय केलं? आमचा हँडलर जुन्या पद्धतीचा होता, आय-कॉन्फिगरेशन-सेक्शन-हँडलर हा इंटरफेस. त्यात क्रिएट नावाची एकच मेथड असते, तिला तीन गोष्टी मिळतात, वरच्या लेव्हलच्या कॉन्फिगमधून आलेलं ऑब्जेक्ट, एक कॉन्टेक्स्ट, आणि सेक्शनचा कच्चा एक्सएमएल नोड. पुढचं सगळं आपण लिहायचं. आमच्या कोडमध्ये चाइल्डनोड्सवर, म्हणजे सेक्शनच्या आतल्या सगळ्या तुकड्यांवर, साधा लूप होता, प्रत्येक नोडच्या ॲट्रिब्युट्समधून नाव आणि यूआरएल उचलायचा. आता एक्सएमएलमध्ये कमेंट हाही एक चाइल्ड नोडच असतो, फक्त त्याला ॲट्रिब्युट्स नसतात, ती प्रॉपर्टी नल येते. झालं, तिथेच नल रेफरन्स. फ्रेमवर्कसोबत येणारे जे हँडलर आहेत, नेमव्हॅल्यूवाला वगैरे, ते कमेंट बघितली की सोडून पुढे जातात, म्हणून कोणाच्या मनातही येत नाही की हे आपल्यालाही हाताने करावं लागतं. लूपमध्ये नोडटाइप एलिमेंट आहे का एवढी एक अट टाकली की झालं, किंवा चाइल्डनोड्सच्या ऐवजी सिलेक्टनोड्सने नाव देऊनच मागा म्हणजे एलिमेंट सोडून दुसरं काही येणारच नाही.

त्या रात्री ती कमेंट केलेली ओळ पूर्ण काढून टाकली, फाइल सेव्ह झाली, ॲप्लिकेशन रिस्टार्ट झालं, नऊला भरणा सुरू झाला. एजंट तोपर्यंत थांबले होते, काही जण बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसलेले, कारण दिवसभराची कॅश घरी नेणं त्यांना परवडणारं नव्हतं. मला ते फोनवर कळलं आणि ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून पुढचे काही दिवस मी सगळ्या ॲप्लिकेशनमधले असे सेक्शन शोधत बसलो.

तर आधी चुकांचा सगळ्यात कॉमन प्रकार, नोंदीमधला टाइप. तिथे आधी नेमस्पेससकट (क्लास ज्या गटात आहे त्याच्या नावासकट) क्लासचं पूर्ण नाव, मग स्वल्पविराम, मग असेंब्लीचं, म्हणजे डीएलएलमधल्या तयार कोडचं नाव. असेंब्लीचं नाव म्हणजे फाइलचं नाव नाही, त्यात शेवटी डॉट डीएलएल लिहिलं की सापडत नाही. प्रोजेक्टचं नाव मधेच बदललं असेल तर नेमस्पेस जुना आणि असेंब्ली नवीन असं होतं, म्हणून प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघा, अंदाजाने लिहू नका. आणि असेंब्लीचं नाव लिहायलाच विसरलात तर एरर फार फसवा येतो, तो म्हणतो की तुमचा क्लास सिस्टिम.कॉन्फिगरेशन या असेंब्लीत सापडला नाही. आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी या मेसेजमुळे अर्धा दिवस सिस्टिम.कॉन्फिगरेशनचा रेफरन्स काढून परत टाकत बसली होती, आणि तिचा काय दोष, मेसेज सरळ तिकडेच बोट दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही कुठे शोधायचं ते सांगितलं नाही म्हणून मी माझ्या घरात शोधलं.

डीएलएल स्ट्राँग नेम असलेली (सही केलेली, व्हर्जनसकट ओळखली जाणारी) असेल आणि टाइपमध्ये व्हर्जन आणि पब्लिक की टोकन लिहिलं असेल तर डीएलएल अपग्रेड केल्यावर नोंदही बदलावी लागते, नाहीतर बाइंडिंग रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या व्हर्जनऐवजी नवीन वापर असं सांगणारी नोंद, द्यावा लागतो. स्ट्राँग नेम नसेल तर व्हर्जन बघितलंच जात नाही, त्यामुळे एका डीएलएलला चाललेली गोष्ट दुसरीला चालत नाही आणि माणूस गोंधळतो. असेंब्ली नक्की कुठे शोधली जातीये हे बघायला फ्यूजन लॉग आहे, तो चालू केला की ओळीओळीने दिसतं, आधी इथे बघितलं मग तिथे बघितलं. बघून झालं की बंद मात्र करा, चालू राहिला तर सर्व्हर मंद होतो.

गेटसेक्शन नल देतं हा वेगळा प्रकार. तिथे हँडलरपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नसते. सेक्शन एखाद्या ग्रुपमध्ये असेल तर मागताना ग्रुपचं नाव, स्लॅश, सेक्शनचं नाव असं पूर्ण द्यावं लागतं, आणि लहान-मोठं अक्षरसुद्धा तंतोतंत. एक अक्षर कॅपिटल राहिलं तरी नल, आणि मग पुढच्या ओळीत नल रेफरन्स, आणि आपण हँडलरच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावून बसतो जिथे तो कधी येतच नाही.

आता रिपोर्टचं ॲप्लिकेशन. हे मूळ साइटच्या पोटात वेगळं ॲप्लिकेशन म्हणून बसवलं होतं. डेव्हलपरच्या मशीनवर दोन्ही वेगवेगळी चालायची, एकदम छान. सर्व्हरवर टाकलं की रिपोर्टवालं पहिल्याच रिक्वेस्टला फुटायचं, की या नावाचा सेक्शन आधीच डिफाइन झालेला आहे. कारण सर्व्हरवर पोटातल्या ॲप्लिकेशनला वरच्याचं वेब.कॉन्फिग वारशाने मिळतं, आणि दोघांमध्ये त्याच नावाची नोंद होती. लोक यावर उपाय म्हणून लोकेशन टॅग आणि त्यात इनहेरिट-इन-चाइल्ड-ॲप्लिकेशन्स फॉल्स असं सुचवतात, ते खालच्या सेक्शनसाठी चालतं, पण कॉन्फिगसेक्शन्स हा टॅग लोकेशनमध्ये टाकताच येत नाही, म्हणजे नोंद वारशाने येणार ती येणारच. आम्ही शेवटी रिपोर्टच्या सेक्शनचं नावच बदललं. दुसरा रस्ता म्हणजे वेगळी साइट करून टाकणं, जमत असेल तर तो जास्त चांगला.

याच जातीचा अजून एक, ज्यांनी जुन्या ३.५ च्या साइट ४.० च्या ॲप पूलमध्ये टाकल्यात त्यांना भेटला असेल, सिस्टिम.वेब.एक्स्टेन्शन्सचे सेक्शन डुप्लिकेट असल्याचा. ३.५ मध्ये त्या नोंदी प्रत्येक वेब.कॉन्फिगमध्ये असायच्या, ४.० मध्ये त्या मशीन.कॉन्फिगमध्ये गेल्या, म्हणून दोनदा झाल्या. काढून टाका खालच्या, बस. मशीन.कॉन्फिगवरून आठवलं, ६४ बिट सर्व्हरवर त्या फाइली दोन असतात, फ्रेमवर्क फोल्डरमध्ये एक आणि फ्रेमवर्क६४ मध्ये एक, आणि ॲप पूल ज्या बिटचा त्याची फाइल वाचली जाते. कोणी एकीमध्येच नोंद टाकून ठेवली असेल तर ॲप पूलचं ३२ बिटवालं सेटिंग बदललं की सेक्शन अचानक अनोळखी होतो.

एन्क्रिप्शनने आमचा एक पूर्ण शनिवार घेतला. एसएमएस गेटवेचा पासवर्ड त्या सेक्शनमध्ये होता, ऑडिटवाल्यांनी सांगितलं उघडा ठेवू नका, बरोबरच आहे. एएसपीनेट-रेगआयआयएस हे टूल आहे, पीई स्विच देऊन सेक्शनचं नाव द्यायचं की तो एन्क्रिप्ट होतो, कनेक्शन स्ट्रिंग्जवर लगेच चाललं. आमच्या सेक्शनवर चालवलं तर म्हणतं असेंब्ली सापडत नाही. साइट चालू आहे, भरणे होतायत, डीएलएल बिनमध्ये डोळ्यासमोर आहे, आणि टूल म्हणतंय सापडत नाही! इथेच कळतं की एरर वाचताना शोधणारा कोण आहे हे बघायला पाहिजे. इथे शोधणारं ॲप्लिकेशन नव्हतं, टूल होतं, ते फ्रेमवर्कच्या फोल्डरमधून चालतं आणि आपल्या बिनकडे त्याचं लक्ष नसतं. डीएलएल तेवढ्यापुरती टूलच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, एन्क्रिप्ट करा, आणि आठवणीने तिथून काढा. ती तशीच राहिली तर पुढच्या वेळी टूल जुन्या डीएलएलने नवीन सेक्शन वाचायला जाईल.

हे सगळं झाल्यावर हँडलरच बदलून टाकला. खरं तर डॉट नेट २.० पासून, म्हणजे २००५ पासून, कॉन्फिगरेशनसेक्शन हा क्लास आहे, त्यातून आपला क्लास काढायचा, प्रॉपर्टींवर ॲट्रिब्युट लावायचे, मग एक्सएमएल वाचायचं काम फ्रेमवर्क करतं, कमेंटचा प्रश्नच येत नाही. जुना इंटरफेस चालतो म्हणून आम्ही तसाच ठेवला होता. नवीन लिहिताना एक खड्डा सांगून ठेवतो. गेटवेच्या नावाला मी स्ट्रिंगव्हॅलिडेटर (मजकूर नियमात बसतो का ते तपासणारा) लावला, किमान लांबी एक. फाइलमध्ये नाव व्यवस्थित भरलेलं, तरी एरर की स्ट्रिंग किमान एक अक्षराची पाहिजे. होतं असं की व्हॅलिडेटर प्रॉपर्टीच्या डिफॉल्ट व्हॅल्यूवरही चालतो आणि स्ट्रिंगची डिफॉल्ट म्हणजे रिकामी स्ट्रिंग, ती एकच्या नियमात बसत नाही. त्यामुळे डिफॉल्ट म्हणून नियमात बसणारं काहीतरी द्यावं लागतं आणि सोबत इजरिक्वायर्ड ट्रू ठेवायचं, म्हणजे फाइलमध्ये नाव लिहायचं राहिलं तर तो पकडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल तीन-चार ओळींचा. ॲप्लिकेशन-स्टार्टमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशन सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये, आता प्रत्येक सेक्शन एकदा मागितला जातो, नल आला तर नाव घेऊन एक्सेप्शन. आता वेब.कॉन्फिग चुकीचं सेव्ह केलं तर पुढची पहिलीच रिक्वेस्ट फुटते, लॉगिनचं पेजसुद्धा येत नाही. टीममध्ये यावर वाद झाला, एकजण म्हणाला की एसएमएससाठी अख्खी साइट बंद कशाला पाडायची. माझं मत स्पष्ट आहे, ज्याने बदल केला तो समोर बसलेला असताना, त्याला आठवत असताना, दुपारी दोनला जे व्हायचं ते होऊ दे. एसएमएस गेला नाही म्हणून भरणा अडायला नको हे त्याचं म्हणणं मात्र खरं होतं, आणि तोही भाग आम्ही वेगळा केला, आधी भरणा सेव्ह होतो, मग एसएमएस रांगेत पडतो.

आता नवीन मॉड्यूल एएसपी डॉट नेट कोअर या नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहितोय, तिथे वेब.कॉन्फिगमधले सेक्शन-हँडलर नाहीत, ॲपसेटिंग्ज.जेसन ही सेटिंगची फाइल आहे आणि त्यातली सेटिंग ज्यात भरली जातात तो ऑप्शन्स क्लास. पण त्रासाचं रूपच बदलतं. जुनं फ्रेमवर्क अनोळखी ॲट्रिब्युट दिसलं की अडवायचं. कोअरमध्ये जेसनमधल्या कीचं स्पेलिंग चुकलं तर ती भरणारा बाइंडर काही न बोलता पुढे जातो, तुमच्या प्रॉपर्टीत नल नाहीतर शून्य राहतं. गेटसेक्शन तिथे कधी नल देतच नाही, सेक्शन नसेल तरी रिकामं ऑब्जेक्ट देतं, त्यामुळे नलचा चेक लिहून काही उपयोग नाही, एक्झिस्ट्स विचारावं लागतं. आणि व्हॅलिडेशन लावलं तरी ते पहिल्यांदा व्हॅल्यू मागितल्यावरच चालतं, म्हणजे परत तेच, संध्याकाळचा पहिला भरणा. डॉट नेट ६ मध्ये, २०२१ ला, व्हॅलिडेटऑनस्टार्ट आलं, ते लावलं की ॲप्लिकेशन उठतानाच तपासणी होते.

आमच्या प्रत्येक ऑप्शन्स क्लासवर आता ते लावलेलं आहे. एका जागी राहिलंय, व्याजदरांच्या सेटिंगला, कारण ते दर ॲप्लिकेशन चालू असतानाच बदलतात आणि बदलल्यावर परत तपासायचे कसे हे अजून ठरायचंय. मी ऑप्शन्समॉनिटरने (सेटिंग बदलली की कळवणारा) करून बघतोय, जमलं की त्याबद्दल लिहितो.